मगरीचे दात

चिंतामणराव मगरीचे दात घासत होते. प्लास्टिकच्या स्टुलावर ते उभे होते. एका हातात जुना टूथब्रश, दुसऱ्या हातात टर्पेंटाइनची बाटली. वरची ओळ बरीचशी गेली होती. खालच्या ओळीतला पांढरा ऑइलपेंट मात्र सुटून हिरव्या जबड्यात पसरला होता, त्यामुळे मगर नुकतीच ताक पिऊन आल्यासारखी दिसत होती.

"जपून. हिरड्यांना लागेल," दारात उभ्या राहून प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

चिंतामणराव हसले नाहीत. त्यांनी ब्रश पुन्हा बाटलीत बुडवला.

"माणसं निघालीत जतहून. तू साडी बदल."

"ते घर बघायला येतायत की मला?"

"बाथरूम बघायला तर मुळीच येत नाहीत. म्हणून हे चाललंय."

"मग अख्खी मगर काढा की. नुसते दातच का?"

"दातांपासून सुरुवात केली," चिंतामणराव म्हणाले. "ते आधी दिसतात."

हे तर्कशास्त्र एरवी प्रमोदिनीबाईंनी सोडलं नसतं. आज सोडलं. त्यांनी मगरीकडे एकदा बघितलं, मग नीट बघितलं, आणि पदर खोचून स्वयंपाकघरात निघून गेल्या. भांड्यांचा आवाज जरा मोठा आला.

सांगलीत नदीकडे उतरत जाणाऱ्या गल्ल्यांमध्ये प्रत्येक घराला एक रेघ असते. पाणी कुठपर्यंत आलं होतं, त्याची. कुणी त्या रेघेशेजारी तारीख घालून ठेवतं, कुणी देवाची तसबीर बरोबर तिच्या वितभर वर टांगून आपली श्रद्धा सुरक्षित करतं. लग्नकार्यात भेटलेली माणसं 'आमच्याकडे खिडकीच्या दुसऱ्या गजापर्यंत', 'आमच्याकडे फ्रिज तरंगला' असं एकमेकांना सांगतात, आणि ज्याची रेघ बुटकी, तो जरा खजील होतो. रेघेला कुणी लपवत नाही. तिची लाज वाटायला लागते ती फक्त घर विकायला काढलं की.

चिंतामणरावांनी घर विकायला काढलं होतं. घर बैठं, तीन खोल्यांचं, मागे परस आणि परसाला लागून बाथरूम. मोठ्या पुरानंतर पुढच्या खोल्यांचं प्लास्टर खरवडून नवं केलं, तिथली रेघ गेली. बाथरूममधली गेली नाही. खाली फरश्या होत्या, वर भिंत. भिंतीला रंगाचे हात दिले, वर पुन्हा दिले, पण दमट हवा पडली की ओल वर येऊन तपकिरी रेघ परत उमटायची. चांगली छातीच्या वर. साताऱ्याला चौथ्या मजल्यावर राहणारा त्यांचा मुलगा निमिष फोनवर म्हणायचा, "बाबा, सरळ सांगून टाका ना गिऱ्हाइकाला." चौथ्या मजल्यावरून असं म्हणता येतं.

शेवटी गेल्या वर्षी चिंतामणराव बायकोला म्हणाले, "ती रेघ तेवढी घालव काहीतरी करून."

प्रमोदिनीबाईंची सगळी नोकरी बालवाडीत गेली होती. भिंत दिसली की तिच्यावर ससा काढायचा, हा त्यांच्या हाताला लागलेला गुण होता. त्यांनी रंगाचे डबे आणले, दोन आठवडे बाथरूमचं दार आतून लावून घेतलं, आणि रेघ घालवण्याऐवजी तिची लाट केली.

लाट निळी होती आणि चारी भिंतींवरून फिरून आली होती. तिच्यावर पिवळी बदकं चालली होती, त्यांतल्या शेवटच्याला गॉगल होता. बदकांमागून शीड लावलेला मग, डोळे मिचकावणारा नारळ, नांगर टाकलेली एक चप्पल, आणि 'पोहे' असं लिहिलेला स्टीलचा डबा, कप्तानाची टोपी घालून. लाटेखाली फरशीफरशीवर मासे होते. नळाला ऑक्टोपसचे हात फुटले होते. कमोडच्या झाकणावर दोन डोळे, म्हणजे झाकण उघडलं की पाणघोडा जांभई देतोय असं वाटे. माळ्याच्या कडेखाली चष्मा लावलेली एक मांजर पाय पोटाशी घेऊन बसली होती. आणि कमोडच्या बरोबर समोर, लाटेत निम्मी बुडालेली, तोंड फाकवून हसणारी मगर.

दाराजवळ बालवाडीच्या वळणदार अक्षरात एक छोटी पाटी रंगवली होती: 'पायरीपर्यंतच येईल.'

हे वाक्य मूळचं चिंतामणरावांचं. मोठा पूर आला तेव्हा त्यांची निवृत्ती जवळ आली होती आणि ते कचेरीत पुराच्या फोनवर बसले होते. अख्खं शहर त्यांना विचारत होतं, पाणी किती आलं. संध्याकाळी घरूनही फोन आला. त्याआधीच्या पुरात पाणी घराच्या पायरीला लागून परत फिरलं होतं, त्यामुळे त्यांनी घरी तेच सांगितलं. सांगलीतल्या निम्म्या माणसांनी त्या दिवशी उरलेल्या निम्म्या माणसांना हेच सांगितलं होतं. नंतर नेटवर्क गेलं.

पाटीवरून ते बायकोला कधी काही बोलले नाहीत. दाढी करताना तेवढी मान ते दुसरीकडे वळवत.

त्या चित्रांमुळे कमोडवर बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून बदकं जायची. याचा परिणाम गिऱ्हाइकांवर झाला. पहिले उंब्रजचे एक व्यापारी. त्यांनी सगळं घर बघितलं, मान हलवली, आणि बाथरूममध्ये उभे राहून म्हणाले, "हे बदक माझ्या गळ्याशी का पोहतंय?" दुसरं एक तरुण जोडपं; ते मगरीशेजारी उभं राहून हसलं, फोटो काढला, तिथल्या तिथे सगळ्यांना दाखवायला टाकला. घरी पोचेपर्यंत फोटोखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'पुराची रेघ मस्त रंगवलीय.'

ही बया मुद्दाम करते, असं चिंतामणरावांचं मत झालं होतं. तिला घर सोडायचं नाही. तसं ती कधी म्हणाली नव्हती. विचारलं की "विका की" एवढंच म्हणायची. पण ज्या बाईला घर विकायचं असतं ती कमोडला डोळे काढत नाही.

त्यांना मात्र विकायचं होतं आणि पावसाळ्याच्या आत विकायचं होतं. फोनवर त्यांनी पावसाचा अंदाज सांगणारी चार ॲप घेतली होती आणि चारही एकमेकांशी भांडत असत. मे महिन्याच्या कडक उन्हात नदीच्या वरच्या अंगाला, पाटणला, वळीव पडला की इथे ते खिडकीतून नदी बघून येत. पलंगावरून उठताना पाय खाली सोडण्याआधी ते हाताने जमीन चाचपून बघत. कोरडी लागली की पाय सोडत. ही सवय आपल्याला लागलीय हे त्यांना माहीत नव्हतं. प्रमोदिनीबाईंना माहीत होतं.

बाहेर मोटरसायकल थांबली. एजंट मानसिंग आत आला तो थेट बाथरूमपर्यंत.

"काका, उतरा खाली. आता काय उपयोग न्हाई. मिरज सोडली त्यांनी."

"दात गेले, पण मगर तशीच आहे रे."

"असू दे की. दाखवतंय कोण?" मानसिंगनं खिशातून पुठ्ठा काढला. त्यावर लाल स्केचपेननं लिहिलं होतं, 'दुरुस्ती चालू.' "ह्ये दारावर. कडीला तार. आणि काका, एक ध्यानात ठेवा. जतचं गिऱ्हाईक म्हंजे लॉटरी हाय. भाऊसो नाव. टँकर हायत त्याचे, गावोगाव पाणी पोचवतोय. ह्या माणसानं जन्मात पूर बघितलेला न्हाई. पाणी दिसलं की त्याला भरून येतंय. म्हातारी आई संगं हाय, तिला नदीकाठी ऱ्हायचंय म्हणे. आपण नदी दाखवायची. बाथरूम न्हाई."

"आणि विचारलंच, पाणी येतं का म्हणून?"

"तर म्हणायचं, नळाला चोवीस तास येतंय."

चिंतामणराव स्टुलावरून उतरले. टूथब्रश ठेवायला जागा न सुचून त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात ठेवला.

गाडी पांढरी होती आणि भाऊसोचे कपडेही. माणूस अदबशीर, दारातच चपला काढल्या, "नमस्कार काका" म्हणाला, आणि ओटीवर न बसता सरळ खिडकीशी गेला. खिडकीतून दोन घरांच्या फटीत नदीचा हातभर तुकडा दिसायचा. उन्हाळ्यातली नदी ती, शेवाळलेली, जागच्या जागी असलेली. भाऊसो तिच्याकडे देवळात बघावं तसं बघत राहिला.

"अव्वा, हिकडं ये. पाणी बघ."

"बघितलं," मागून त्याची आई हरणाबाई म्हणाली. बारकीशी म्हातारी, हिरवं इरकली लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू. "आदी मला जायचंय."

"कुठं आज्जी?" मानसिंगनं विचारलं.

हरणाबाईनं त्याच्याकडे नीट बघून घेतलं.

"जतपास्नं गाडीत बसून आलोय. कुठं म्हंजे?"

 गिऱ्हाइकाच्या आईला जावं लागेल, हा विचार मानसिंगच्या योजनेत नव्हता.

"बाथरूमचं काम चालू हाय आज्जी. शेजारी सोय करतो. हे काय, पलीकडचंच घर."

"काम चालू हाय तर गवंडी कुठाय?"

"जेवायला गेलाय."

"चहाच्या वक्ताला?"

म्हातारी बोलता बोलता बोळातून आत गेलीसुद्धा. तार सोडवायला तिला काहीच वेळ लागला नाही. दार लागलं. आतून कडी लागली.

ओटीवर चिंतामणराव, भाऊसो आणि मानसिंग बसले. प्रमोदिनीबाईंनी चहा आणून ठेवला. मानसिंगनं घरांचे भाव सोडून हवामानाचा विषय काढला, मग तो विषय आपल्या फायद्याचा नाही हे लक्षात येऊन चहाकडे वळला. चिंतामणरावांनी कप उचलला आणि खाली ठेवला. 

तेवढ्यात आतून हसू आलं. मोठं, खणखणीत, टाइल्सवर आपटून दुप्पट झालेलं.

"अव्वा हसतीया," भाऊसो आश्चर्यानं म्हणाला.

"हवेशीर हाय बाथरूम," मानसिंग म्हणाला.

हसू थांबलं, पुन्हा आलं. बहुधा नारळ दिसला असावा. चिंतामणरावांचा जीव भांड्यात पडणार, एवढ्यात ते एकदम बंद झालं. नंतर काहीच नाही. फ्लशचा आवाजही नाही. 

कडी निघाली.

"आवं बाई! जरा हिकडं या."

प्रमोदिनीबाई उठल्या. त्यांच्यामागून चिंतामणराव उठले, कारण काहीतरी सावरावं लागणार होतं. आणि चिंतामणरावांमागून मानसिंग, कारण चिंतामणरावांना सावरता येत नाही हे त्याला ठाऊक होतं. बोळ अरुंद होता. दोघे एकामागे एक उभे राहिले. भाऊसो त्यांच्या मागे, टाचा उंच करून.

हरणाबाई बाथरूमच्या मधोमध उभी होती.

"ही बदकं एवढ्या वर का वो?"

"डिझाइन हाय आज्जी," बोळातून मानसिंग म्हणाला. "पुण्यात असंच करत्यात."

"तुला न्हाई इचारलं."

प्रमोदिनीबाईंनी दांडीवरचा टॉवेल सरळ केला.

"पाणी तिथवर आलं होतं," त्या म्हणाल्या.

मानसिंगनं डोळे मिटले. चिंतामणरावांनी चौकट धरली. वर्षभर झाकलेली गोष्ट इतक्या सहज बाहेर पडली होती, की तिला ढकलायला कुणी लागलंच नाही.

हरणाबाईनं हात वर केला. लाट तिच्या कपाळाला लागत होती; तिनं निळ्या रंगाला तळवा लावला.

"म्हंजे मी बुडालो."

"हो. मीही बहुतेक. मला पोहता येत नाही."

"आन ह्ये समदं?"

"तरंगत होतं. हा मग आमचाच. नारळ कुणाचा, कळलं नाही. डबा स्वयंपाकघरातून आला. झाकण घट्ट होतं, पोहे कोरडे राहिले. नंतर केले मी त्यांचे."

"चप्पल एकच?"

"एकच आली."

"आन बदकं?"

"बदकं नव्हती. मधे मधे मोकळं दिसायला लागलं म्हणून घातली."

हरणाबाई मान वर करून भिंतीभर फिरली. माळ्याखाली थांबली.

"ही चष्मेवाली मांजर?"

"ती मी." प्रमोदिनीबाईंनी माळ्याकडे बोट केलं. "मशीनवर चढले कपडे धुवायच्या, तिथून वर. तांब्याचा बंब ठेवलेला असतो तिथे. त्याला धरून बसले."

"एकलीच?"

"हे कामावर होते. लोकांना फोनवरून पाण्याची उंची सांगायची होती ना यांना."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. भाजीत काय काय घातलं, ते सांगावं तसं त्या सांगत होत्या. इथपर्यंतचं चिंतामणरावांना माहीत होतं. माळा, बंब, सकाळी आलेली बोट आणि बोटीतून पोह्यांचा डबा पोटाशी धरून उतरलेली बायको; हा किस्सा ते मुंजीत, बारशात रंगवून सांगायचे, माणसं हसायची, प्रमोदिनीबाईही हसायच्या. त्यांची हसण्याची जागा ठरलेली होती. डबा आला की.

"ह्ये काय लिव्हलंय दाराजवळ?" हरणाबाईनं विचारलं. "मला अक्षर कळत न्हाई."

"काही नाही. असंच."

हरणाबाई वळली ती मगरीकडे.

"हिला दात कसं न्हाईत?"

"होते. आज सकाळपर्यंत."

"आन ही बी तुमीच घातली? बदकांवानी?"

प्रमोदिनीबाईंनी खिळ्यावरचा मग काढला. पुन्हा खिळ्यावर लावला. तो नीट बसला नाही म्हणून पुन्हा काढला.

"नाही," त्या म्हणाल्या. "ती आली होती."

 नळातून एक थेंब पडला, ऑक्टोपसच्या हातावर.

"परसाचं दार निघून गेलं होतं पाण्यानं. बाहेर ओढ फार. आत जरा शांत होतं, म्हणून आली असेल. मला आधी वाटलं ओंडका आहे. मोबाइलचा उजेड पाडला, तर दोन डोळे चमकले. मग उजेड बंद केला. बॅटरी जपायची होती."

"आन मग?"

"मग काय? ती तिथे, मी इथे. गप्प बसवेना, म्हणून मी तिला बालवाडीतली गाणी म्हणून दाखवली. सगळी संपली, मग पाढे. उजाडलं तेव्हा नव्हती."

हरणाबाईनं हात पुढे करून प्रमोदिनीबाईंच्या हातातला मग घेतला आणि बादलीत ठेवून दिला.

"मालकाला ठावं हाय?"

"आता झालं असेल," प्रमोदिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी बोळाकडे बघितलं.

चिंतामणराव मगरीकडे बघत होते. तिचे डोळे लाटेच्या बरोबर वर होते आणि बाकीची ती खाली. वर्षभर ते तिच्यासमोर बसत होते. त्यांच्या खिशातल्या ब्रशचं टर्पेंटाइन सदऱ्यात झिरपून छातीला गार लागत होतं. तो गारवा कशाचा आहे हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला.

पुढचं फार लांबलं नाही. हरणाबाईनं पाय धुतले, चहा मागून घेतला, बशीत ओतून प्यायली. भाऊसो परसात जाऊन आला. 

"काका, एक खरं सांगा. परत यील पाणी?"

या प्रश्नाचं उत्तर चिंतामणरावांकडे वर्षभर पाठ होतं. शंभर वर्षांतून कधीतरी होणारी गोष्ट, आता धरणाचं पाणी वेळेवर सोडतात, काळजीचं कारण नाही. मानसिंगनंच ते त्यांच्याकडून घोटून घेतलं होतं. आताही तो भाऊसोच्या पाठीमागे उभा राहून ओठ हलवून दाखवत होता.

"येईल," चिंतामणराव म्हणाले.

"कितीपत्तर?"

"ते मला सांगता येत नाही. मागे एकदा सांगितलं होतं."

भाऊसो आईकडे वळला. दोघे कानडीत काहीतरी बोलले. म्हातारी बराच वेळ बोलली, मधे तिनं हातानं वरपर्यंत उंची दाखवली, मग जबडा उघडून मिटला. भाऊसोनं मान डोलावली. ती होकाराची होती की आईला आवरतं घ्यायला सांगणारी, हे कानडी न येणाऱ्यांना कळण्यासारखं नव्हतं.

"फोन करतो," भाऊसो म्हणाला.

गाडी गल्लीतून मागे मागे गेली. मानसिंग पुठ्ठ्याची पाटी दुमडत म्हणाला, "गेलं काका, गिऱ्हाईक गेलं. फोन करतो म्हणणारा कवा फोन करत न्हाई, ह्यो आमचा धंद्यातला अनुभव हाय." मग प्रमोदिनीबाईंकडे वळून, आवाज एकदम खाली आणून त्यानं विचारलं, "काकू, खरंच आलती?"

"चहा घेतलास का तू?" त्या म्हणाल्या.

"घेतला की," मानसिंग म्हणाला, आणि मोटरसायकल सुरू न करताच ढकलत गल्लीत गेला.

घर पुन्हा दोघांचं झालं. प्रमोदिनीबाईंनी कप विसळले. चिंतामणराव ओटीवर बसून राहिले. फोन समोर होता. तो उचलून पाटणला ढग आहेत का, हे बघण्याची त्यांची वेळ झाली होती. त्यांनी उचलला नाही.

काय विचारायचं, हे ते मनात जुळवत होते. 'मला का नाही सांगितलंस' हे वाक्य त्यांनी दोनदा ओठापर्यंत आणलं. मग बारशातला तो किस्सा आठवला, आणि त्यात आपण बायकोला बोलायला कुठे जागा ठेवली होती, ते काही आठवेना.

"सकाळपासून बाथरूम तुम्हीच अडवलंत," स्वयंपाकघरातून आवाज आला. "माझी अंघोळ राहिलीय."

खांद्यावर टॉवेल, हातात घडी केलेली साडी घेऊन प्रमोदिनीबाई बोळातून गेल्या. चिंतामणराव कान देऊन होते. दार लागल्याचा आवाज आला नाही. नळाचाही नाही.

ते उठून बघायला गेले. प्रमोदिनीबाई बाथरूमच्या उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. साडी तशीच हातात होती.

"काय झालं?"

"काही नाही."

"मग?"

"दात नाहीत ना तिला," त्या म्हणाल्या. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, तसं. "दात मी घातले होते. आली तेव्हा तोंड मिटलेलंच होतं तिचं. नुसते डोळे. ते हसणं, दात, सगळं नंतरचं माझं." त्यांनी साडी दुसऱ्या हातात घेतली. "तुम्ही आता अगदी तशीच केलीत तिला."

चिंतामणरावांनी मगरीकडे पाहिलं. पुसलेल्या जागी जबड्याचा हिरवा रंग एकमेकांत मिसळून गेला होता. तोंड मिटलं होतं. सकाळी ताक प्यायल्यासारखी दिसत होती, ती आता तशी दिसत नव्हती. ती वाट बघत असल्यासारखी दिसत होती.

"पांढरा रंग कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"माळ्यावर. बंबामागे."

त्यांनी स्टूल ओढलं. माळ्याच्या कडेला धरून डबा काढताना त्यांचं डोकं वर टेकलं. तिथे बसायचं तर मान वाकडीच ठेवावी लागली असणार. डबा घेऊन ते उतरले. झाकण घट्ट बसलं होतं, ते त्यांनी चमच्याच्या दांड्यानं उचकटलं. ब्रश दुसरा नव्हता. सदऱ्याच्या खिशातला टूथब्रश त्यांनी टॉवेलला पुसला. नव्या टॉवेलला. 

पहिला दात वाकडा आला.

"हा दात आहे?" दारातून आवाज आला.

"मग काय आहे?"

"दाढ झालीय. तुमच्यासारखी. कवळी बसवलेली."

"मगरीला दाढा नसतात का?"

"या मगरीला असू देत एखादी."

त्यांनी दुसरा काढला, तिसरा काढला. एक ओठाबाहेर आला, तो त्यांनी पुसायचा प्रयत्न केला आणि मगरीला मिशी आली. मागे प्रमोदिनीबाईंच्या नाकातून एक बारीक आवाज निघाला. चिंतामणराव वळले नाहीत. रंग मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला होता. ब्रश दुसऱ्या हातात घेऊन त्यांनी त्या हातालाही रंग लावून घेतला.

ओटीवर फोन वाजला.

गेलं वर्षभर हा फोन वाजला की चिंतामणराव जेवत्या ताटावरून उठत. प्रमोदिनीबाई बोळातून जाऊन बघून आल्या.

"मानसिंग आहे. जतवाल्यांचंच असेल काहीतरी."

फोन वाजत राहिला. थांबला. पुन्हा वाजायला लागला.

"घ्या की," त्या म्हणाल्या. त्यांचा एक पाय उंबऱ्याच्या आत आला होता.

"थांब जरा," मगरीच्या जबड्यात ब्रश घालून चिंतामणराव म्हणाले. "एक दात राहिलाय."